अमेरिकेच्या यादवी युद्धातले आजारी, कफल्लक सैनिक आणि त्यांना हात देणारी माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१ ते १८६५) विषय निघाला की आपल्याकडे लिंकन, गुलामगिरी आणि गेटिसबर्ग यांच्यापुढे गाडी सहसा सरकत नाही. मला ओढ आहे ती त्या युद्धातल्या इस्पितळांची, रेल्वेच्या फलाटांवर पडून राहिलेल्या तापकरी पोरांची आणि त्यांच्यासाठी गावोगावी शिवण घेऊन बसलेल्या बायकांची. या विषयावर बोललो की हमखास येणारे प्रश्न आणि त्यांची मला जमतील तशी उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

सैनिक तर सरकारचा माणूस. त्याला लोकांच्या दानाची गरज का पडली?

कारण सरकारची तयारीच नव्हती. युद्धापूर्वी अमेरिकेचे खडे सैन्य जेमतेम सोळा हजारांचे. त्यांच्यासाठी शंभरेक लष्करी डॉक्टर होते आणि सगळ्यात मोठ्या लष्करी दवाखान्यात चाळीस खाटा. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने पहिल्या हाकेलाच ७५,००० स्वयंसेवक मागितले आणि पुढे हा आकडा लाखांत गेला. शेतावरून, दुकानातून उठून आलेली ही मुले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना लहानपणी गोवरही आलेला नव्हता. तो छावणीत आला. शौचाचे चर पाण्याच्या जवळ खणलेले, अन्न तळून करपवलेले, तंबूत दाटीवाटीने झोपणे. हगवण, विषमज्वर, हिवताप, न्यूमोनिया पाठोपाठ आलेच.

उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या सरकारच्या, सैन्यातले सुमारे ३ लाख ६० हजार लोक या युद्धात गेले. त्यांतले लढाईत किंवा जखमांनी गेलेले सुमारे १ लाख १० हजार. उरलेल्यांतल्या बहुतेकांना रोगाने नेले. बंदुकीची गोळी लागून मरणाऱ्यापेक्षा रोगाने मरणारा सैनिक या युद्धात जास्त सापडतो. तो चित्रांत दिसत नाही, म्हणून हे मुद्दाम आधी सांगितले.

पगार मिळत होता ना? मग सैनिक कफल्लक कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर पगार होता. (१८६४ मध्ये तो १६ झाला.) पण तो हातात पडायला कधीकधी चार-चार, सहा-सहा महिने लागत. धडधाकट माणूस तोवर पलटणीत जेवतो, झोपतो, सोबत्याकडून उसने घेतो. आजारी पडला की मात्र त्याचे नशीबच पालटते.

प्रत्येक शिपायाचे एक वर्णनपत्र असे. त्यात उंची, डोळ्यांचा रंग, भरती झाल्याची तारीख, शेवटचा पगार कधी मिळाला, कपड्यांपोटी किती वळते करायचे, हे सगळे लिहिलेले. हा कागद राही कंपनीच्या कॅप्टनकडे. शिपायाला मोठ्या इस्पितळात हलवले की कागदाने त्याच्या मागोमाग जायचे, असा नियम. प्रत्यक्षात पलटण कूच करून गेलेली, कॅप्टन मारला गेलेला किंवा कागदांची पेटी कुठल्यातरी गाडीत मागे राहिलेली. कागद नाही म्हणून पगार वाटणारा अधिकारी पैसे देईना. इस्पितळ म्हणे, तू बरा होणार नाहीस, तुला सेवेतून मुक्त केले. म्हणजे आता तो लष्कराच्या जेवणाचाही हक्कदार नाही. घर हजार मैलांवर, खिशात दमडी नाही, अंगात ताप, आणि सरकारदरबारी थकलेले दोन-तीनशे डॉलर जे कागदाशिवाय मिळणार नाहीत.

अशा माणसाभोवती दलाल घोटाळत. पगाराचा हक्क निम्म्या-पाऊण किमतीत विकत घेत आणि पुढे सरकारकडून पूर्ण रक्कम वसूल करत.

माझ्या आजीचे फॅमिली पेन्शन एका कार्यालयात नावातल्या एका वेलांटीपायी अकरा महिने अडले होते. ती रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसे. त्यामुळे त्या वर्णनपत्राची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती परक्या देशातली वाटलीच नाही.

मग हे लक्षात कुणाच्या आले?

फ्रेडरिक नॅप नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या. १८६१ च्या उन्हाळ्यात तो वॉशिंग्टनला सॅनिटरी कमिशन या सैनिकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या संस्थेच्या कामासाठी आला. रोज नव्या पलटणी रेल्वेने उतरत आणि छावणीकडे चालू लागत. ज्यांना वाटेतच ताप भरला होता त्यांना तिथेच टाकून पलटण पुढे जाई. ती मुले स्टेशनाच्या आवारात जमिनीवर पडून. त्यांना कोण घेणार? पलटण निघून गेली, आणि इस्पितळाकडे त्यांना दाखल करून घेण्याचा हुकूम नाही. नॅपने चहा आणि पाव आणवला, पांघरुणे मागवली आणि पुढची व्यवस्था लावायला घेतली.

त्यातून स्टेशनाजवळ 'सोल्जर्स होम' उभे राहिले. इथे आलेल्या सैनिकाला आधी आंघोळीचे पाणी, स्वच्छ सदरा, गरम जेवण आणि खाट मिळे. मग कुणीतरी कागद-दौत घेऊन शेजारी बसे : पलटण कोणती, कॅप्टनचे नाव काय, शेवटचा पगार कधी? ती माणसे त्याच्यासाठी कॅप्टनला पत्र लिहीत, पगारकचेरीत खेटे घालत, कागदातली चूक दुरुस्त करून आणत, रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढून देत. फारच अशक्त असेल तर सोबतीला माणूस देत. युद्ध संपेपर्यंत अशी चाळीसच्या आसपास घरे आणि विसावे देशभर झाले. त्यांत मिळून सुमारे ४५ लाख जेवणे वाढली गेली आणि दहा लाखांवर रात्रींचा निवारा दिला गेला.

मुलाला किंवा नवऱ्याला शोधत आलेल्या बायकांसाठीही वॉशिंग्टनमध्ये एक वेगळे घर होते. परक्या शहरात इस्पितळामागून इस्पितळ पालथे घालणारी आई रात्री जाणार कुठे, हा विचार कुणीतरी केला होता.

सॅनिटरी कमिशन म्हणजे सरकारी खाते होते का?

नाही. पूर्ण नाव युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन. सरकारने त्याला जून १८६१ मध्ये मान्यता दिली, पण पैसा सगळा लोकांचा. सुरुवात बायकांनी केली, हे विसरता कामा नये. एप्रिल १८६१ मध्ये न्यूयॉर्कला डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल (अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली स्त्री) आणि इतर बायकांनी पुढाकार घेऊन विमेन्स सेंट्रल असोसिएशन ऑफ रिलीफ ही संस्था काढली. तिच्या वतीने धर्मोपदेशक हेन्री बेलोज आणि काही डॉक्टर वॉशिंग्टनला गेले तेव्हा लष्करी वैद्यक खात्याने नाके मुरडली. हे म्हणजे गाडीला पाचवे चाक, असे लिंकनही म्हणाल्याचे सांगतात. तरी परवानगी मिळाली. बेलोज अध्यक्ष झाले आणि कारभार हाकायला सरचिटणीस म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी करणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आले.

त्यांच्या डोळ्यांपुढे रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धाचा धडा ताजा होता. तिथे १८५५ मध्ये ब्रिटिश सॅनिटरी कमिशनने गटारे साफ करवली, इस्पितळात हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. म्हणून अमेरिकन कमिशनचे पहिले काम छावण्या तपासण्याचे होते. चर कुठे खणलाय, पाणी कुठून आणता, स्वयंपाक कोण करतो, असे प्रश्न घेऊन त्यांचे निरीक्षक पलटणीपलटणीत फिरत.

ओल्मस्टेडची एक भूमिका मला फार पटते. त्याचे म्हणणे असे की सैनिकाची काळजी हे सरकारचेच कर्तव्य आहे. लोकांची मदत सरकार कमी पडेल तिथे आणि तेवढीच. म्हणून कमिशन एका हाताने सदरे वाटत होते आणि दुसऱ्या हाताने सरकारच्या पाठीस लागत होते. वैद्यक खात्याच्या सुधारणेचा कायदा आणि एप्रिल १८६२ मध्ये विल्यम हॅमंडसारख्या तरुण डॉक्टरची सर्जन जनरल (लष्करी वैद्यक खात्याचा प्रमुख) म्हणून नेमणूक, यांमागे या मंडळींचा रेटा होता.

बायका पेट्यांमधून काय पाठवत?

सदरे, लांब चड्ड्या, मोजे, गोधड्या, उशांचे अभ्रे, बँडेजच्या पट्ट्या, वाळवलेली फळे, मुरंबे, लोणची, मांसाचा अर्क, आटवलेले दूध. जुन्या लिननच्या कापडाचे धागे खरवडून केलेला मऊ पिंजा (तेव्हा तो जखमेत भरत) तर घराघरात तयार होई. लहान मुलीसुद्धा मांडीवर ताट पालथे घालून सुरीने कापड खरवडत बसत.

सुरुवातीला मात्र उत्साह जास्त आणि अंदाज कमी होता. याचे सगळ्यात बोलके उदाहरण म्हणजे 'हॅवलॉक'. टोपीवर घालून मानेवर रुळणारा हा पांढरा कापडी पडदा. १८५७ च्या उठावात कानपूर-लखनौकडे फौज घेऊन गेलेल्या जनरल हॅवलॉकचे नाव त्याला पडलेले. हिंदुस्थानच्या उन्हात गोऱ्या शिपायाला हे लागते, मग आमच्या पोरांनाही लागेल, या मायेने अमेरिकन बायकांनी ते हजारोंनी शिवले. सैनिकांना ते गरम होई, वारा लागेना. त्यांनी त्यातून कॉफी गाळली, भांडी पुसली. बायकांनी शिवणे थांबवले आणि सदऱ्यांकडे वळल्या.

दुसरी अडचण अशी की प्रत्येक गाव आपापल्याच पलटणीला पेटी पाठवी. एकाच पेटीत केक, लोण्याचा डबा, मुरंब्याची बरणी आणि सदरे. तीन आठवड्यांनी पेटी पोचे तेव्हा बरणी फुटून केकला बुरशी चढलेली आणि लोणी सदऱ्यांत मुरलेले. एका पलटणीकडे गोधड्यांचा ढीग, शेजारच्या पलटणीतले आजारी उघडे. म्हणून कमिशनने न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, सिनसिनाटी, क्लीव्हलँड अशा ठिकाणी मोठ्या शाखा केल्या. गावाच्या पेट्या तिथे उघडायच्या, प्रत्येक वस्तूवर कमिशनचा शिक्का मारायचा, एका पेटीत एकाच प्रकारची वस्तू भरायची आणि ज्याला गरज त्याला पाठवायची, मग तो कुठल्याही राज्याचा असो. 'माझ्या मुलाला' पाठवलेले मोजे दुसऱ्याच कुणाच्या मुलाच्या पायात जाणार, हे गावाला पटवणे सोपे नव्हते. ते पटवले गेले, आणि या सगळ्या कामातली ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पण बायकांनी आपली वाटही काढली. मोज्यात, गोधडीच्या घडीत त्या चिठ्ठ्या टाचत. हे कुणी विणले, का विणले, माझा मुलगाही तिकडेच आहे, तुला हे उबदार लागो. ज्याच्या हाती ती चिठ्ठी पडे तो कधीकधी उत्तरही लिही.

कांदे-बटाट्यांची काय भानगड होती?

भानगड नव्हे, औषध होते. खारवलेले डुकराचे मांस, कडक बिस्किटे आणि कॉफी यांवर महिनोन्महिने राहिलेल्या फौजेत ताज्या भाज्यांवाचून होणारा स्कर्व्ही दिसू लागला : हिरड्या सुजलेल्या, दात हललेले, जुन्या जखमा पुन्हा उघडलेल्या. १८६३ च्या सुरुवातीला व्हिक्सबर्गच्या वेढ्यासाठी उत्तरेचा सेनापती ग्रँट याची फौज मिसिसिपीकाठच्या दलदलीत अडकली तेव्हा हे तीव्र झाले. शिकागोच्या शाखेने इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवातल्या शेतकऱ्यांना हाक दिली : कांदे द्या, बटाटे द्या, कोबी आंबवून द्या. शाळकरी मुले दारोदार फिरली. वसंतात लोकांनी सैनिकांसाठी म्हणून वेगळे वाफे लावले. पिंपेच्या पिंपे भरून बोटी खाली नदीने गेल्या. कांदा कच्चाच, सफरचंदासारखा चावून खाणारे सैनिक त्या काळच्या आठवणींतून भेटतात. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा खाणाऱ्या आपल्या माणसाला त्याची गोडी वेगळी सांगायला नको.

एवढा पैसा आला कुठून?

मुख्यतः जत्रांमधून. त्यांना 'सॅनिटरी फेअर' म्हणत.

पहिली मोठी जत्रा ऑक्टोबर १८६३ मध्ये शिकागोला भरली. मेरी लिव्हरमोर आणि जेन होज या दोघींनी ती उभी केली. पुरुष मंडळींचा आधी विश्वास नव्हता. जत्रेसाठी तात्पुरती इमारत बांधून घ्यायची होती. पैसे यांच्याकडे रोख होते. तरी कंत्राटदार म्हणाला, करारावर तुमच्या नवऱ्यांच्या सह्या लागतील, कारण विवाहित बाईची सही कायद्याने चालत नाही. लिव्हरमोरबाईंना ते जिव्हारी लागले आणि पुढे त्या बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्यभर लढल्या.

उद्घाटनाच्या दिवशी लेक काउंटीतल्या शेतकऱ्यांच्या गाड्यांची रांग शहरात शिरली. बटाटे, कांदे, कोबी, बीट यांनी भरलेल्या गाड्या, आणि हाकणारे उन्हातान्हाने रापलेले बापे, ज्यांची मुले आघाडीवर होती किंवा परत येणार नव्हती. बघ्यांमधले लोक रडले. लिंकनने या जत्रेसाठी गुलाममुक्तीच्या घोषणेचा स्वतःच्या हातचा मसुदा दिला. कागद जवळ ठेवावा असे मलाही वाटत होते, पण सैनिकांच्या कामी आला तर जास्त बरे, अशा अर्थाचे पत्र सोबत होते. तो ३,००० डॉलरला गेला. (१८७१ च्या शिकागोच्या आगीत तो मसुदा जळाला.)

मग लाटच आली. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जत्रेने दहा लाखांवर डॉलर उभे केले. तिथे एक तलवार ठेवली होती. ती ग्रँटला द्यावी की उत्तरेचाच दुसरा सेनापती मॅक्लेलन याला, यावर एक डॉलरला एक मत. ग्रँट जिंकला. फिलाडेल्फियाच्या जत्रेला लिंकन स्वतः आला.

पॅसिफिक किनाऱ्यावरून वस्तू पाठवणे परवडत नव्हते, म्हणून कॅलिफोर्नियाने रोख पैसा दिला, कमिशनला मिळालेल्या एकूण रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा. तिथला तरुण धर्मोपदेशक टॉमस स्टार किंग खाणकामगारांच्या वस्त्यांपर्यंत हिंडून व्याख्याने देई. मार्च १८६४ मध्ये, चाळिशी गाठायच्या आत, तो गेला.

आणि पिठाची पिशवी! नेव्हाडातल्या ऑस्टिन गावी एप्रिल १८६४ मध्ये रुएल ग्रिडली नावाचा दुकानदार निवडणुकीची पैज हरला. अट अशी की हरणाऱ्याने पन्नास पौंडांची पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन गावभर चालायचे. चालून झाल्यावर पिशवीचे करायचे काय? कुणीतरी म्हणाले, लिलाव करा, पैसे आजारी सैनिकांना. ज्याने घेतली त्याने ती लगेच परत दिली, पुन्हा विका म्हणून. मग पुन्हा, पुन्हा. ग्रिडली ती पिशवी घेऊन गावोगाव निघाला. व्हर्जिनिया सिटी, सॅक्रामेंटो, सॅन फ्रान्सिस्को, मग थेट पूर्वेकडे. एका पिशवीवर लाखाहून कितीतरी जास्त डॉलर जमले आणि पीठ होते तसेच राहिले. ग्रिडलीने या फिरस्तीत आपले दुकान आणि तब्येत दोन्ही घालवली आणि १८७० मध्ये तो गरिबीतच वारला. कॅलिफोर्नियात स्टॉकटनला माजी सैनिकांनी वर्गणी काढून त्याच्या कबरीवर स्मारक उभारले.

सॅनिटरी कमिशन आणि ख्रिश्चन कमिशन एकच का?

नाही, आणि त्यांचे फारसे पटतही नसे. युनायटेड स्टेट्स ख्रिश्चन कमिशन नोव्हेंबर १८६१ मध्ये निघाले. सॅनिटरी कमिशन सामान डॉक्टरच्या हाती देई आणि पगारी माणसे ठेवी. ख्रिश्चन कमिशनचे सुमारे पाच हजार प्रतिनिधी बिनपगारी, बहुतेक धर्मोपदेशक किंवा विद्यार्थी, साधारण सहा आठवड्यांसाठी येत. ते खाटेशी बसून बायबल वाचत, पण सदरा, मुरंबा, टपालाची तिकिटेही देत. त्यांच्याकडे चाकांवरची कॉफीची गाडी होती. ती आघाडीच्या मागे फिरत फिरत कॉफी उकळी.

कुठली पद्धत बरोबर? मला वाटते, स्कर्व्ही थांबवायला सॅनिटरी कमिशनची वही लागते. मरणाऱ्या पोराशेजारी बसायला वही उपयोगी नाही.

ते काम कुठल्याच संस्थेत नसलेली माणसेही करत. कवी वॉल्ट व्हिटमन डिसेंबर १८६२ मध्ये जखमी भावाला शोधत आला आणि वॉशिंग्टनला राहूनच गेला. दिवसा थोडी कारकुनी, बाकी वेळ इस्पितळे. खांद्याच्या पिशवीत संत्री, तंबाखू, गोळ्या, कागद, तिकीट लावलेली पाकिटे आणि सुटी नाणी. सुटी नाणी का? कारण महिनोन्महिने पगार न झालेल्या माणसाला खिशात दहा-वीस सेंट खुळखुळले तरी आपण भिकारी नाही असे वाटते. जून १८६४ च्या उकाड्यात त्याने कार्व्हर इस्पितळात दहा गॅलन आइस्क्रीम विकत आणले आणि पंधरा वॉर्डांत स्वतः फिरून वाटले. खेड्यातून आलेल्या कित्येकांनी आइस्क्रीम तोवर कधी चाखलेही नसणार.

कृष्णवर्णीय सैनिकांना ही मदत मिळाली का?

मिळाली, पण कमी आणि उशिरा. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय होते. गोऱ्याला १३ डॉलर तेव्हा यांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने अपमानाचा पगार घेणारच नाही म्हणून दीड वर्ष एक छदामही घेतला नाही. त्या दीड वर्षात घरी बायकामुलांनी काय खाल्ले असेल? समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. रोगाने मरण्याचे प्रमाणही यांच्यात गोऱ्यांपेक्षा बरेच जास्त होते, कारण दलदलीतली ठाणी आणि खोदकाम बहुधा यांच्याच वाट्याला आणि डॉक्टर मात्र कमी.

म्हणून त्यांच्या समाजाने आपली सोय आपणच पाहिली. वॉशिंग्टनला एलिझाबेथ केकली यांनी १८६२ मध्ये संस्था काढली. त्या स्वतः गुलामीतून पैसे भरून सुटलेल्या होत्या आणि मिसेस लिंकनचे कपडे शिवत. आधी ही संस्था पळून आलेल्या गुलामांसाठी होती, पुढे सैनिकांसाठीही. गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देत फिरणाऱ्या सोजर्नर ट्रुथ साठी ओलांडलेल्या. त्यांनी १८६३ मध्ये मिशिगनमध्ये दारोदार अन्न गोळा केले आणि डेट्रॉइटच्या छावणीतल्या कृष्णवर्णीय पलटणीला सणाचे जेवण नेऊन घातले. स्वतः गुलामीतून पळालेल्या हॅरिएट टबमन दक्षिण कॅरोलिनात ब्यूफर्टच्या इस्पितळात झाडपाल्याच्या काढ्याने हगवणीचे रोगी सांभाळत होत्या. त्यांना स्वतःच्या युद्धसेवेबद्दलच्या पैशासाठी पुढे तीस-पस्तीस वर्षे सरकारशी झगडावे लागले. हे लिहिताना आजही राग येतो.

दक्षिणेकडे कोण होते?

तिथे, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या राज्यांत, मध्यवर्ती संस्था नव्हती. राज्याराज्यांच्या मंडळ्या आणि गावातल्या बायका. रेल्वे जंक्शनवर घरी परतणाऱ्या जखमींसाठी 'वेसाइड' (वाटेवरची) घरे होती. दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियाचे घर त्यांत नावाजलेले. दक्षिणेची राजधानी रिचमंड इथे सॅली टॉम्पकिन्स नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीने १८६१ मध्ये एका न्यायाधीशाच्या रिकाम्या घरात स्वतःच्या पैशाने इस्पितळ थाटले. सरकारने खासगी इस्पितळे बंद करायची ठरवली तेव्हा तिचे चालू राहावे म्हणून दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने तिला थेट कॅप्टनचा हुद्दा दिला. तिने हुद्दा घेतला, पगार नाकारला. तिच्याकडे १,३३३ रोगी आले आणि ७३ दगावले. त्या काळात हे प्रमाण फारच कमी. तिचा भर स्वच्छतेवर होता.

पण उत्तरेने केलेल्या बंदरांच्या नाकेबंदीमुळे क्विनीनसुद्धा मिळेना, पैशाची किंमत घसरत गेली, आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या. दान द्यायला घरात काही उरलेच नव्हते.

मदतीच्या मालाची चोरी व्हायची का?

आरोप फार झाले. सैनिक म्हणत, मुरंबा अधिकारी खातात आणि शिक्क्याचे सदरे बाजारात विकले जातात. काही ठिकाणी ते खरेही होते. बऱ्याचदा मात्र आजाऱ्यासाठी आलेली वस्तू निरोग्याला नाकारली म्हणून राग असे. कमिशनने अहवाल छापले, हिशेब मांडले. रोख सुमारे ५० लाख डॉलर आणि दीड कोटी डॉलर किमतीच्या वस्तू, एवढा पसारा. तो हाताने लिहिलेल्या वह्यांवर चालला.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

मदतकार्याशी थेट नाही, युद्धाशी जरूर. दक्षिणेचा कापूस नाकेबंदीत अडकला तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचे वेड पसरले. प्रेमचंद रायचंद यांनी राजाबाई टॉवरला दिलेले पैसे याच तेजीतले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शरणागती पत्करली, भाव कोसळला आणि जुलैपर्यंत मुंबईतले बडेबडे लोक धुळीला मिळाले. व्हर्जिनियातल्या दलदलीत पोरे तापाने फणफणत होती आणि त्याच युद्धावर इथे पैजा लागत होत्या, हे राजाबाई टॉवरखालून जाताना मला हटकून आठवते.

हरवलेल्या सैनिकांचा शोध कोण घेई?

सॅनिटरी कमिशनने १८६२ च्या अखेरीस इस्पितळांतल्या रोग्यांची नावनिशी ठेवायला सुरुवात केली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, लुइव्हिल या चार कचेऱ्यांत मिळून सहा लाखांवर नावे नोंदली गेली. बाप फलाटावरून उतरून थेट खिडकीशी येई आणि मुलाचे नाव सांगे. कारकून पान उलटून सांगे : अमुक इस्पितळ, अमुक वॉर्ड. किंवा : तीन दिवसांपूर्वी. दोन्ही उत्तरे द्यावी लागत.

युद्धानंतर हेच काम क्लारा बार्टनने वॉशिंग्टनमधल्या आपल्या खोलीतून केले. चार वर्षांत ६३,००० वर पत्रे आली आणि सुमारे २२,००० जणांचे काय झाले ते घरच्यांना कळवता आले. पुढे १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस तिनेच काढली.

युद्ध संपल्यावर अपंग, बेघर सैनिकांचे काय झाले?

१८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंग शिपायाला महिना ८ डॉलर पेन्शन ठरले होते. त्याचे अर्ज कमिशनच्या कचेऱ्या फुकट भरून देत. पण ज्याला घरच नाही त्याला ८ डॉलर कुठवर पुरणार? मार्च १८६५ मध्ये लिंकनने अपंग स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रमाच्या कायद्यावर सही केली.

मिलवॉकीच्या बायका सरकारची वाट बघत थांबल्या नव्हत्या. त्यांनी आधीच एका दुकानाच्या जागेत सैनिकांसाठी घर चालवले होते. १८६५ च्या उन्हाळ्यात जत्रा भरवून त्यांनी लाखावर डॉलर जमवले, कायमचे घर बांधायला. राष्ट्रीय आश्रमाची एक शाखा मिलवॉकीला होणार असे ठरल्यावर तो पैसा त्यांनी तिकडे वळवला. तिथली उंच मनोऱ्याची मुख्य इमारत १८६९ मध्ये उभी राहिली. मधली काही दशके ती रिकामी पडून होती, छताचा काही भागही कोसळला. दुरुस्त होऊन २०२१ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि आता तिच्या खोल्यांत बेघर झालेले किंवा होण्याच्या बेतात असलेले माजी सैनिक राहतात.